घमेल्याखालची ऊब

पिल्लं सोमवारी यायची होती आणि शनिवारची दुपार उलटली तरी त्यांना ऊब कशाची द्यायची यावर श्रावणभाऊ थूल यांच्या घरात एकमत झालं नव्हतं. म्हणजे धुरपताबाईंकडे एक मत होतं आणि श्रावणभाऊंकडे संशय होता. तळेगावात कोणालाही विचारा, श्रावणभाऊंच्या संशयापुढे भल्याभल्यांची मतं टिकलेली नाहीत.

"कोळशाची शेगडी ठेवू एका कोपऱ्यात," धुरपताबाई म्हणाल्या.

"तानाबाईनंबी तेच म्हनलं होतं. मंग सकाळी दार उघडलं तं काय दिसलं, सांग."

काय दिसलं ते साऱ्या गावाने पाहिलं होतं. बचत गटाला गेल्या वर्षी एका दिवसाची शंभर पिल्लं मिळाली होती. ती महिनाभर एकीच्या घरी वाढवायची आणि पंख फुटले की गटातल्या बायकांनी वाटून घ्यायची, अशी पद्धत. पहिला मान अध्यक्ष म्हणून तानाबाईचा होता. तिने थंडी फार म्हणून खोलीची खिडकीसुद्धा चिंध्या कोंबून बंद केली आणि आत कोळशाची शेगडी ठेवली. त्या धुराने शंभरातली नव्वद पिल्लं एका रात्रीत गेली. तानाबाई दोन दिवस जेवली नाही आणि गटातल्या बायका दोन महिने तिच्याशी धड बोलल्या नाहीत.

यंदा पुन्हा पिल्लं मिळणार म्हटल्यावर बैठकीत कोणी हात वर करेना. तेव्हा धुरपताबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरी चौतीस वर्षांचा लाईनमन हाय. पिल्लाईले थंडी वाजली तं माह्यं नाव बदलजा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. आता ही पिल्लं गेली तर गटाला तिसऱ्यांदा कोणी देणार नव्हतं, आणि धुरपताबाईंना बैठकीत तोंड उघडायची सोय राहणार नव्हती.

"बरं, शेगडी नाई तं नाई," त्या म्हणाल्या. "एक मोठा लाल बल्ब लावा. सगळे लावतात."

"सगळे लावतात म्हनूनच मले डाऊट हाय. अडीचशे वॅटचा बल्ब, एका तारेवर लटकवलेला, अन् खाली वाळलं तूस. गाठ सुटली का घराची राखरांगोळी. मी असे तीन गोठे इझवले हायेत."

"मंग ग्यास लावा."

"म्हंजे सिलिंडर पिल्लाईच्या उशाशी झोपवाचा."

"पौर्णिमानं ते गरम पाटी धाडली ना, ते लावा."

पौर्णिमा ही त्यांची लेक. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नवजात बाळांच्या विभागात नर्स. कमी वजनाची बाळं उबेत ठेवणं हेच तिचं काम, त्यामुळे तिने आपली अक्कल चालवून पिल्लांसाठी विजेवर तापणारी एक पाटी ऑनलाइन मागवून दिली होती. श्रावणभाऊंनी ती लावण्याआधी उघडली. अर्थिंगची पिन होती, पण तिला आत तारच जोडलेली नव्हती. हे पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. माणसाचा संशय खरा ठरला की कसं बरं वाटतं. पाटी पुन्हा जोडताना एक स्क्रू उरला आणि त्यानंतर ती तापलीच नाही, पण त्याचा दोष त्यांनी बनवणाऱ्याच्या बेइमानीवर टाकला.

शेवटी श्रावणभाऊंनी स्वतःच काम हाती घेतलं. जुनं लोखंडी घमेलं उपडं करून त्याच्या आत चार होल्डर बसवले आणि साठ-साठ वॅटचे चार साधे बल्ब लावले. एक गेला तरी तीन चालू राहतील, हा हिशेब. बल्बांखाली जाळी, म्हणजे काच फुटली तरी तुसात पडणार नाही. घमेलं एका साखळीने टांगलं, आणि त्या साखळीवर विश्वास नको म्हणून दुसरी साखळी. खोलीसाठी वेगळी लाईन ओढली, वेगळं अर्थिंग केलं आणि खोलीच्या आतच भिंतीवर वेगळा फ्यूज बसवला. पिल्लं ऊब सोडून कोपऱ्यात जाऊ नयेत म्हणून भोवती टीनपत्र्याचं गोल कडं. दारावर निवृत्तीच्या वेळी त्यांनी हट्टाने मागून आणलेली लाल पाटी लावली. तिच्यावर कवटी, दोन हाडं आणि 'धोका' हा शब्द होता.

"कोंबडीच्या पिल्लाईले वाचता येते काय?" धुरपताबाईंनी विचारलं.

"मानसाईले येते ना. मले मानसाईचाच डाऊट हाय."

सोमवारी सकाळी भोकांच्या खोक्यांतून पिल्लं आली. धुरपताबाईंनी एकेकाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवून त्याला घमेल्याखाली सोडलं. थोड्या वेळाने परातीत जोंधळे पसरावेत तशी ती सगळ्या कड्यात पसरली. पौर्णिमाने मोबाईलवर पाहून सांगितलं की हेच चांगलं लक्षण. घोळका करून बसली तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोची उघडल्या तर उकडतं आहे, आणि सारखी पसरली तर घरात सुख आहे. "बाबा, थर्मामीटरपेक्षा पिल्लाईवर भरोसा ठेवा," ती म्हणाली. श्रावणभाऊंनी मान डोलावली आणि दोन थर्मामीटर लावले.

मंगळवारपासून त्यांनी एक नियम घातला. तुसाची धूळ उडून तापलेल्या बल्बांवर बसते आणि करपते. ती आग कधी धरेल याचा नेम नाही. म्हणून रोज दुपारी तीन वाजता बल्ब पुसायचे. त्या वेळी पत्र्याच्या छपरामुळे खोली आपोआप गरम असते, पिल्लांना अर्धा तास दिवे नसले तरी चालतं. तारेला हात लावायचा म्हणजे खाकी कोट अंगात हवाच. हा कोट वीज मंडळाने दिलेला, पक्कड, टेस्टर, टेप आणि तारेच्या तुकड्यांनी सदा भरलेला. तो धुवायची परवानगी धुरपताबाईंना लग्नापासून आजवर मिळालेली नव्हती. कोट घालायचा, पायात रबरी चप्पल, फ्यूजची चिनी मातीची ग्रीप उपसून लाईन बंद, मग बल्ब थंड झाले की पुसायचे. काम आटोपलं की ओसरीत येऊन कोट खिळ्याला अडकवायचा, "झालं" म्हणायचं आणि चहाला बसायचं. चौतीस वर्षांत त्यांना एकदाही शॉक लागला नव्हता, तो या शिस्तीमुळे.

मंगळवारी साडेपाच वाजता उन्ह उतरलं आणि खोलीतून चिवचिवाट वाढला. धुरपताबाई आत गेल्या तर चारही बल्ब बंद. शंभर पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून एका कोपऱ्यात गठ्ठा झालेली.

"अवो, लाईट गेली."

"घरातली तं हाय," श्रावणभाऊ म्हणाले आणि आत धावले. भिंतीवरच्या फ्यूजमध्ये ग्रीपच नव्हती. उडालेली नव्हती, जळलेली नव्हती, चक्क नव्हतीच. नुसती रिकामी खाच.

त्यांनी पेटीतली जुनी ग्रीप आणून बसवली. बल्ब लागले, पिल्लं हळूहळू मोकळी झाली. श्रावणभाऊ मात्र तिथेच उभे राहिले. फ्यूज उडतो हे त्यांना माहीत होतं. फ्यूज चालत जात नाही हेही माहीत होतं.

"कोनीतरी काढून नेली," ते म्हणाले.

बुधवारी पुन्हा तेच. साडेपाचला अंधार, पिल्लांचा गठ्ठा, ग्रीप गायब. आता श्रावणभाऊंनी रीतसर चौकशी बसवली. सुरुवात घरापासून केली.

"तुले शेगडी पाह्यजे होती," ते धुरपताबाईंना म्हणाले.

"म्हनून मी माह्याच पिल्लाईले थंडीनं मारू?"

"मी फक्त शक्यता तपासून राह्यलो."

"चुलीवर भाकर हाय. तेबी तपासून घ्या, करपली का नाई."

दुसरी शक्यता तानाबाई. ती रोज चारच्या सुमारास पिल्लं पाहायला येत होती, आणि पाहता पाहता डोळ्यांना पदर लावत होती. आपली गेली आणि हिची जगतात, हे कोणत्या बाईला सहन होईल, असं श्रावणभाऊंचं गणित. त्या दिवशी ती उशिरापर्यंत बसली होती; निघाली तेव्हा ते दारात आडवे झाले.

"तानाबाई, थैलीत काय हाय?"

"वांगे हायेत, भाऊ."

"दाखव बरं."

तानाबाईने थैली उघडली. खरोखर वांगीच होती. तिला वाटलं भाऊंना हवी आहेत, म्हणून तिने चार काढून ओसरीवर ठेवली आणि गेली. श्रावणभाऊंनी ती वांगीसुद्धा दाबून पाहिली.

पेटीतल्या जुन्या ग्रीपा संपल्या होत्या. नवी आणायला ते समोर मधुकररावांच्या दुकानात गेले. मधुकररावांचं किराणा दुकान, पण त्यात खिळ्यापासून खोबऱ्यापर्यंत सगळं मिळायचं. दुकान बंद केलं की ते रोज श्रावणभाऊंच्या ओसरीवर येऊन पेपर वाचायचे. पेपर श्रावणभाऊंचा, चष्मा मधुकररावांचा, चहा धुरपताबाईंचा, असं पंचवीस वर्षं चाललं होतं. पिल्लांसाठी तुसाची दोन पोतीही त्यांनीच पाठवली होती.

"ग्रीप द्या एक," श्रावणभाऊ म्हणाले.

गुरुवारी ते पुन्हा गेले. "ग्रीप द्या दोन."

"काऊन? खाऊन राह्यले काय?" मधुकरराव हसले.

त्या हसण्यानेच घात केला. घरी येईपर्यंत श्रावणभाऊंच्या डोक्यात सगळा नकाशा उलगडला. ग्रीप चोरीला जाते. नवी ग्रीप गावात एकाच दुकानात मिळते. ते दुकान घरासमोर आहे. दुकानदाराला घराची खडान् खडा माहिती आहे, आणि चोरीला गेल्याचं ऐकून तो हसतो. मग त्याच ग्रीपा पुसून आपल्यालाच पुन्हा विकतो की काय?

"मधुकरराव?" धुरपताबाई म्हणाल्या. "पौर्णिमाच्या बारशाले पाळना त्याईनंच देल्ला होता."

"साव दिसनाऱ्या मानसाचाच मले डाऊट येते."

मुलीच्या जुन्या डब्यात नेलपॉलिशची एक बाटली सापडली. दोन्ही नव्या ग्रीपांवर त्यांनी एकेक लाल टिकली लावली. आता खूण पक्की. चोर सापडायला एकच दिवस.

शुक्रवारी टिकलीवाली ग्रीप गेली. श्रावणभाऊंना इतकं समाधान झालं की पिल्लांकडे न पाहताच ते दुसरी बसवून तडक दुकानात गेले आणि ग्रीपांचा खोका मागितला. खोका काउंटरवर उपडा केला. एकेक ग्रीप उचलून उजेडात फिरवली. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

"काय पाहून राह्यले, श्रावणभाऊ?"

"टिकली."

"ग्रीपीले टिकली?"

"चोरीच्या ग्रीपीले."

मधुकररावांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी खोका हळूच आपल्याकडे ओढला. "पंचवीस साल तुमच्या ओसरीवर बसलो," ते म्हणाले. "ग्रीपच चोराची होती तं एवढे दिवस काऊन थांबलो असतो? जा तुमी. पेपर मी घरीच लावून घेतो आता." टिकली एकाही ग्रीपेवर नव्हती.

श्रावणभाऊ घरी आले तेव्हा धुरपताबाई खोलीत मांडी घालून बसल्या होत्या. गठ्ठ्याच्या तळाशी सापडलेलं एक पिल्लू त्यांच्या ओंजळीत होतं. मान टाकलेली, पाय ताठ. त्या त्याच्यावर तोंडाने वाफ सोडत होत्या आणि अंगठ्याने त्याची छाती चोळत होत्या. शेजारी कढत पाण्याचं मडकं गोधडीत गुंडाळून ठेवलेलं, त्याला बाकीची पिल्लं चिकटून बसलेली. रोज साडेपाचला हे मडकंच त्यांना वाचवत होतं, पण त्याची नोंद श्रावणभाऊंच्या चौकशीत कुठेच नव्हती.

"तुमी चोर धरा," धुरपताबाई वर न बघता म्हणाल्या. "पिल्लू मी धरते. परवा इतवारी साऱ्या बाया पाह्यले येऊन राह्यल्या. काय दाखवू त्याईले? चौतीस वर्षांचा लाईनमन दाखवू?"

बऱ्याच वेळाने पिल्लाने एक डोळा उघडला. श्रावणभाऊंना मनापासून लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय जातो असं नाही. उलट त्याला आता धार आली. शनिवारी त्यांनी शेवटचा उपाय केला. तीन वाजता नेहमीप्रमाणे बल्ब पुसले, बाहेर आले, कोट खिळ्याला अडकवला आणि खोलीला कुलूप ठोकलं. किल्ली मुठीत धरली आणि दारासमोर खाट टाकून बसले. चहासुद्धा खाटेवरच घेतला. सव्वातीन ते साडेपाच त्यांनी पापणी लववली नाही. एका वहीत नोंदी केल्या. तीन चाळीसला एक बकरी. चार वाजता तानाबाई, तिला फाटकातूनच परत पाठवलं. चार पन्नासला तीच बकरी.

साडेपाचला आतून चिवचिवाट सुरू झाला. त्यांनी कुलूप नीट पाहिलं. जसंच्या तसं होतं. उघडून आत गेले. चारही बल्ब बंद, ग्रीप नाही.

पाण्याच्या मोटरच्या फ्यूजची ग्रीप आणून श्रावणभाऊंनी इथे बसवली आणि तुसातच बसले. खिडकीला जाळी, छताला पत्रा, दाराला कुलूप, आणि ग्रीप गेली. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने लिंबू-मिरची बांधली असती. पण दारातून दिसणाऱ्या ओसरीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता. जन्मभर लोकांना सांगितलं की भूत नसतं, आता कोणत्या तोंडाने म्हणायचं की कोंबडीच्या खोलीत आहे. आणि भुताला तरी फ्यूजची ग्रीप कशाला लागते.

फोनवर पौर्णिमाने सगळं ऐकून घेतलं. धुरपताबाईंनी कढत पाण्याच्या मडक्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तू बरोबर करून राह्यली." मग बाबांना म्हणाली, "आमच्या वॉर्डात काही बिघडलं ना बाबा, तं पहिलं एकच विचारतात. शेवटचा हात कोनाचा लागला?"

"माह्याच लागते. तीन वाजता."

"मंग?"

"मंग काय? आता माह्यावरच डाऊट घेऊ काय?"

पौर्णिमाला बोलायचं बरंच होतं, पण वडील होते.

त्या संध्याकाळी श्रावणभाऊंनी ताराचंदला फोन लावला. ताराचंद त्यांच्या हाताखाली बारा वर्षं हेल्पर होता, आता कारंज्याकडे स्वतः लाईनमन झाला होता. जगात बिनसंशयाची अशी ही एकच व्यक्ती. "उद्या येजो," ते म्हणाले. "तुले कायबी सांगत नाई. येजो, बसजो अन् नुसता पाहजो. मले कोनीतरी बाहेरचा मानूस पाह्यजे."

रविवारी अडीचला गटातल्या अकरा बायका आल्या. तानाबाईही होती, यावेळी थैली न घेता. मधुकररावांना धुरपताबाई स्वतः जाऊन घेऊन आल्या होत्या. ते ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, श्रावणभाऊंकडे पाठ करून बसले. ताराचंद मोटरसायकल लावून "जय भीम, साहेब" म्हणाला आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकला. धुरपताबाईंनी त्याच्या हाती चहा दिला.

तीन वाजले. श्रावणभाऊ उठले. आज बाया आल्या म्हणून नियम मोडायचा नव्हता. कोट घातला, चप्पल घातली, आत गेले. बायका दारातून डोकावून पिल्लं मोजत होत्या, मोजणी दर वेळी वेगळी येत होती आणि त्यावरून बारीक भांडण चाललं होतं. पंधरा मिनिटांनी श्रावणभाऊ बाहेर आले. कोट खिळ्याला अडकवला. "झालं," म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

ताराचंदने आपला कप खाली ठेवला. उठला. चालत खिळ्यापाशी गेला, कोटाच्या डाव्या खिशात कोपरापर्यंत हात घातला आणि ग्रीप काढली. सरळ खोलीत गेला. चारही बल्ब लागले.

"लाईन चालू, साहेब," तो आतून म्हणाला.

श्रावणभाऊंचा कप ओठांपाशी होता तिथेच राहिला.

"काय केलं तू?" त्यांनी विचारलं.

ताराचंद बाहेर आला. त्याला प्रश्नच कळला नाही. "लाईन सोडली ना. तुमी खांबावरून उतरले, कोट टांगला, झालं म्हनलं, का मी खिशातून ग्रीप काढून लाईन सोडाची. बारा साल तेच केलं." मग तो बायकांकडे वळून अभिमानाने सांगू लागला. "साहेबांचा नियमच होता. काम करताना ग्रीप खांबाखाली ठेवाची नाई, कोनाच्या हाती द्याची नाई. आपल्याच खिशात. दुसऱ्यानं चुकून लाईन सोडली तं मानूस मेला ना. मी लागाच्या आधी दुसरा हेल्पर होता, तोबी तसंच करे. साहेबांनी सोताच्या हातानं लाईन कधीच सोडली नाई."

धुरपताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कोटाकडे पाहिलं.

"मंग एवढे दिवस खिशात हाताले नाई लागल्या त्या?" तानाबाईने विचारलं.

"डावा खिसा फाटका हाय, बाई. घातलं का अस्तरात उतरते. मले ठाऊक हाय म्हनून मी खालपर्यंत हात घालतो." ताराचंदने पुन्हा हात घातला. एक ग्रीप काढून ओसरीच्या कठड्यावर ठेवली. मग दुसरी. तिसरी, चौथी, पाचवी. मग एक सुकलेली सुपारी आणि वीस वर्षांपूर्वीची बसची तिकिटं. "साहेब, ह्या साऱ्या एकाच लाईनच्या हायेत काय?"

कठड्यावरच्या दोन ग्रीपांवर लाल टिकल्या उन्हात चमकत होत्या. मधुकरराव उठले. चष्मा लावला. एक ग्रीप उचलून उजेडात धरली, शुक्रवारी त्यांच्या दुकानात धरली गेली होती अगदी तशीच, आणि फिरवून फिरवून पाहिली.

"टिकली हाय," ते म्हणाले.

श्रावणभाऊंनी कप खाली ठेवला. चौतीस वर्षांत तारेने त्यांना जो झटका दिला नव्हता तो आज बसला होता. ते मधुकररावांसमोर जाऊन उभे राहिले. मग आत गेले आणि शुक्रवारपासूनचे तिन्ही पेपर घडी न मोडलेले आणून मधुकररावांच्या मांडीवर ठेवले.

"शुक्रवारपासून मीबी वाचला नाई," ते म्हणाले. "चुकलो, मधुकरराव. चष्म्याबिगर मजा येत नाई."

"ग्रीपा वापस घेनार नाई मी," मधुकरराव म्हणाले आणि पहिला पेपर उघडला. "वापरलेल्या हायेत."

बायका कधीच्या हसत होत्या, पण तोंडाला पदर लावून, कारण शेवटी धुरपताचा नवरा होता. तानाबाई खोलीत जाऊन बसली. मानेत किंचित वाकडं राहिलेलं ते एक पिल्लू तिच्या पायापाशी आलं, तर तिने ते उचलून ओंजळीत घेतलं. "हे मले देजो वाटताना," ती म्हणाली. धुरपताबाई म्हणाल्या, "तुलेच देते." मग त्या दारापाशी गेल्या, लाल पाटी काढली आणि खिळ्यावर, खाकी कोटाच्या बरोबर वर नेऊन टांगली.

सोमवारी तीन वाजता श्रावणभाऊंनी बल्ब पुसले. पाटी बाजूला करून कोट अडकवला आणि सवयीने "झालं" म्हणाले. धुरपताबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी डाव्या खिशात कोपरापर्यंत हात घातला, ग्रीप काढली आणि खोलीकडे निघाल्या. शंभर पिल्लं उजेडाची वाट पाहत होती.

श्रावणभाऊंनी त्यांना हाक मारून थांबवलं आणि संशयाने त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"रबरी चप्पल घातली काय वं?"